एवढ्याशा अंतराला बस कशाला?

मुंबईतला विक्रोळी स्टेशन पूर्व ते कन्नमवार नगर हा बेस्टच्या बसचा मार्ग. जेमतेम दोन-अडीच किलोमीटर. या मार्गाविषयी मी तोंड उघडलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो : "अहो, एवढ्याशा अंतराला बस कशाला? शेअर रिक्षा आहेत, नाहीतर पाय आहेत." सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सविस्तर सांगते.

पाय आहेत, पण कोणाचे? पंचविशीतला पोरगा अर्ध्या तासात सहज चालत जाईल. दोन हातांत भाजीच्या पिशव्या, वर जुलैचा पाऊस आणि मधे हायवे, हे सगळं साठीच्या बाईला सांगून बघा. रिक्षाचं म्हणाल तर संध्याकाळी ती उत्तम. तीन माणसं भरली की सुटली. पण दुपारी दोनला दोघं बसलेली असतात आणि तिसरा येता येत नाही. रात्री उशिरा तर सगळा मामला रिक्षावाल्याच्या मर्जीवर.

आणि आखूड मार्गाला कमी लेखायचं कारण नाही. मुंबईची पहिली बस १५ जुलै १९२६ला धावली ती अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. तेही अंतर काही फार नव्हतं.

पैशाचा हिशेब मात्र अलीकडे बदललाय. २०१९च्या जुलैत बेस्टने पाच किलोमीटरपर्यंतचं तिकीट साध्या गाडीला ५ आणि एसीला ६ रुपयांवर आणलं, तेव्हा आखूड मार्गांना बरे दिवस आले. मे २०२५पासून तेच तिकीट १० आणि १२ झालं. रिक्षाचं किमान मीटरभाडं दीड किलोमीटरला २६ रुपये. म्हणजे वाटेतल्या टागोर नगरपर्यंतच जायचं असलेल्या तिघांच्या कुटुंबाला एसी बसचे ३६ पडतात आणि अख्खी रिक्षा २६ला दारात सोडते. स्वस्त म्हणून बस, हे अशा अंतराला आता पुरतं खरं राहिलेलं नाही. बसने माणूस टिकवायचा असेल तर दुसऱ्या कशाच्या तरी जोरावर टिकवावा लागेल.

ते दुसरं काय, हे स्टेशनबाहेरच्या स्टॉपवर वही घेऊन बसलं की दिसतं. बहुतेक लोक स्टॉपवर आल्या आल्या एकदाच मान वळवून रस्त्याच्या टोकाकडे बघतात. गाडी दिसली तर थांबतात. नाही दिसली तर मोबाइल काढतात, मिनिट-दोन मिनिटं काढतात, तेवढ्यात बाजूने "चला, एक सीट, एक सीट" अशी हाळी येते आणि माणूस रांगेतून निघून जातो. गाडीत किती चढले हे तिकिटांवरून कळतं. रांगेतून किती निघून गेले हे कुठल्याच मशीनमध्ये उमटत नाही, आणि मार्ग चालेल की बंद पडेल हे तर त्यांच्यावरच ठरतं. म्हणून माझ्या वहीत दोन रकाने मुख्य : गाडी सुटल्याची वेळ आणि रांग सोडून गेलेली माणसं.

लांब पल्ल्याच्या बसमध्ये तासभर बसायचं असतं, दहा मिनिटं वाट बघितली तर बिघडत नाही. इथे प्रवासच पंधरा मिनिटांचा. वाट बघण्यातच सगळं आलं. आता बघा, दर दहा मिनिटांनी एक गाडी असेल तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. पण त्याच गाड्या जोडीने आल्या, म्हणजे एक गेली, दोन मिनिटांत दुसरी आणि मग अठरा मिनिटं शुकशुकाट, तर कागदावर तासाला सहाच गाड्या राहतात आणि सरासरी थांबणं आठ मिनिटांच्या वर जातं. कारण दहातले नऊजण त्या अठरा मिनिटांच्या खंडातच स्टॉपवर येतात.

जोडी जमते कशी? पहिली गाडी जरा उशिरा निघाली की प्रत्येक स्टॉपवर तिला जास्त माणसं भेटतात, चढ-उतारीत ती आणखी मागे पडते. मागची रिकामी पळत येते आणि तिला गाठते. ड्रायव्हर-कंडक्टरचा यात काडीचा दोष नसतो.

लोकांची मागणी एकच : गाड्या वाढवा. म्हाडाच्या जुन्या चार मजली इमारती जाऊन टॉवर उभे राहतायत, माणसं वाढणारच, तेव्हा मागणी चुकीची म्हणवत नाही. पण आधी एक साधं गणित करा. समजा जायला पंधरा, यायला पंधरा, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं. चाळीस मिनिटांची फेरी, चार गाड्या, दर दहा मिनिटांनी एक. आता स्टेशनच्या तोंडाशी रिक्षा, फेरीवाले, उभ्या केलेल्या बाइक यांच्यात गाडी बारा मिनिटं अडकली. फेरी बावन्न मिनिटांची झाली आणि दोन गाड्यांमधलं अंतर तेरा मिनिटांचं. पाचवी गाडी आणली तर पुन्हा जवळपास दहावर येतं. म्हणजे अख्खी एक गाडी, तिचा ड्रायव्हर, तिचा कंडक्टर, सगळं त्या पन्नास-शंभर मीटरच्या कोंडीला वाहिलेलं. शिवाय ती पाचवीही त्याच तोंडाशी येऊन उभी राहणार!

म्हणून माझी पहिली सूचना लोकांना रुचत नाही : गर्दीच्या वेळी गाडी स्टेशनच्या गल्लीत आत घालूच नका, बाहेरच्या कोपऱ्यावरून वळवा. स्टेशनवरून उतरणाऱ्याला दोन-तीन मिनिटं चालावं लागेल. म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल, हे मला कळतं, माझेही गुडघे दुखतात. पण मोकळ्या फुटपाथवरून तेवढं चालणं मला परवडतं, खांबाला टेकून पंचवीस मिनिटं उभं राहणं नाही.

दुसरी सूचना बिनखर्चाची. आखूड मार्गावर स्टार्टरने, म्हणजे स्टॉपवरून गाड्या सोडणाऱ्या माणसाने, घड्याळातल्या वेळेपेक्षा आधीची गाडी कधी सुटली ते बघावं. आत्ताच एक गेली असेल तर दुसरी चार-पाच मिनिटं रोखून धरायची. गाडीत बसलेले ओरडतील, ओरडू देत. फक्त हे करताना चालक-वाहकांच्या चहाच्या आणि लघवीच्या वेळेला कात्री लावायची नाही. फेरीत ती वेळ धरलेलीच असली पाहिजे.

तिसरी गोष्ट स्टॉपची. खालच्या पायरीच्या गाड्या आल्या, चांगलंच झालं. पण स्टॉपसमोर बाइक लावलेल्या असतात, गाडी फुटपाथपासून हातभर लांब थांबते. मग बाईने आधी फुटपाथवरून रस्त्यात उतरायचं आणि पुन्हा गाडीत चढायचं. पायरी खाली आली त्याचा फायदा बाइकवाल्यांनी खाल्ला. तिथे नुसते पिवळे पट्टे मारून भागत नाही, खांब रोवावे लागतात.

आणि कृपा करून हा मार्ग लांबवू नका. "पवईपर्यंत न्या", "घाटकोपरला जोडा" असं सुचवणारे प्रत्येक सभेत भेटतात. पवईपर्यंत नेला की जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची कोंडी आमच्या स्टॉपवर हजर. आज गाडी पाच मिनिटं उशिरा येते, उद्या चाळीस मिनिटं येणारच नाही, आणि का आली नाही हे इथे कोणालाच कळणार नाही. पवईला स्वतंत्र मार्ग मागा, मी सही करते.

रात्रीचं तेवढं राहिलं. साडेदहानंतर दर दहा मिनिटांनी गाडी कोणी मागत नाही. अर्ध्या तासाला एक चालेल, पण ती लोकलच्या वेळेशी बांधलेली हवी आणि शेवटची गाडी कधी ते स्टॉपवर मोठ्या मराठी आकड्यांत लिहिलेलं हवं. मध्यरात्रीनंतर रिक्षाचं मीटर सव्वापट होतं. शेवटची बस त्याआधी चुकू नये, एवढी सोय दुसऱ्या पाळीच्या नर्सला आणि मॉलमधल्या पोरींना हवी असते.

तेव्हा आगारात अर्ज घेऊन जाणार असाल तर "गाड्या वाढवा" या ओळीच्या वर वेळांचा तक्ता जोडा : एका आठवड्यातल्या संध्याकाळी सहा ते नऊच्या सुटण्याच्या वेळा, दोन्ही टोकांच्या. एका टोकाच्या वेळा नेल्यात तर पहिला प्रश्न दुसऱ्या टोकाचाच येईल.