पेस्ट केलेल्या फोटोत आजोबा बोलत होते

विंडोज एक्सपीच्या काळातली गोष्ट. मी तेव्हा एका मासिकाच्या कार्यालयात संगणकांची देखभाल बघायचो. अंक छपाईला जायच्या दिवशी मांडणी विभागातल्या मॅडमनी हाक मारली. "अहो, माझ्याकडे फोटो स्वच्छ दिसतोय आणि छापखान्यातून फोन आलाय की नुसता काळा चौकोन आहे. आता तुम्हीच बघा."

एका वृद्ध कलावंताच्या मुलाखतीची डीव्हीडी होती. त्यांचा अलीकडचा दुसरा फोटो कोणाकडेच नव्हता. मॅडमनी प्लेअर चालू ठेवून प्रिंट स्क्रीन दाबलं होतं आणि पेंटमध्ये पेस्ट केलं होतं. वाकून पाहिलं तर पेस्ट केलेल्या चित्रातले आजोबा पापण्या मिटत होते, ओठ हलत होते. घाईत असलेल्या माणसाच्या हे लक्षात येत नाही. त्याला फोटो 'दिसतोय' एवढं पुरतं.

"पेंटची खिडकी धरून जरा डावीकडे ओढा बरं," मी म्हणालो. खिडकी सरकली, चेहरा मात्र होता तिथेच राहिला. घराची खिडकी हलावी आणि बाहेरचं झाड जागचं हलू नये, तसं. मग मागचा प्लेअर बंद केला. चौकोन काळाठिक्कर. "म्हणजे मी काय पाठवलं त्यांना?" मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पाठवला होता एक रंग. त्या काळी बहुतेक प्लेअर ओव्हरले वापरायचे. व्हिडिओची चित्रं डेस्कटॉपच्या मेमरीत यायचीच नाहीत, ती ग्राफिक्स कार्डाच्या वेगळ्या मेमरीत जायची. प्लेअर आपल्या खिडकीत फक्त एक ठरलेला रंग भरायचा, बहुधा काळ्याच्या जवळचा, कधी भडक गुलाबी. मॉनिटरकडे चित्र पाठवताना कार्ड त्या जागेत जिथे जिथे तो रंग सापडेल, तिथे व्हिडिओ बसवायचं. प्रिंट स्क्रीन उचलणार डेस्कटॉप, म्हणजे तो रंगच. आणि पेंटमध्ये पेस्ट केलेला तोच रंग प्लेअरच्या जागेवर आला, की कार्ड इमानेइतबारे तिथेही व्हिडिओ दाखवणार.

उपाय सोपा होता. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात ट्रबलशूट, तिथली हार्डवेअर ॲक्सलरेशनची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मदत किती घ्यायची त्याची, पट्टी खाली ओढायची. व्हिडिओ थोडा अडखळतो, पण स्क्रीनशॉट खरा येतो. दुसरी एक युक्ती मला जास्त आवडायची: आधी भलताच व्हिडिओ दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून ठेवायचा. ओव्हरले बहुधा एकच असे. तो अडकला की आपल्या प्लेअरला साध्या मार्गाने चित्र काढावं लागे.

तरी मी स्क्रीनशॉटच्या वाटेला गेलो नाही. स्क्रीनशॉटमध्ये खिडकीच्या मापाला ताणलेलं चित्र मिळतं. छापायचं तर मूळ फ्रेम हवी. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये स्नॅपशॉटची, म्हणजे चालू फ्रेम थेट चित्र म्हणून साठवायची, सोय होती, ती वापरली. आणि खरं काम इथून सुरू झालं.

पहिल्या फ्रेममध्ये आजोबांचा हात कंगव्यासारखा दातेरी आला. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि इंटरलेस चित्रणात प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची बनते: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, मध्ये १/५० सेकंदाचं अंतर. तेवढ्यात हात हलला की ओळी जुळत नाहीत. हे दातेरीपण काढणारं डीइंटरलेस लावता येतं, पण त्याची साधी पद्धत एक अर्धं टाकूनच देते. ५७६ ओळींपैकी २८८ उरतात. छपाईसाठी ते मला पटेना. त्यापेक्षा माणूस क्षणभर थांबलाय अशी जागा शोधणं बरं. बोलणारा माणूस प्रश्न ऐकताना थांबतो, म्हणून मी मुलाखतकाराचे प्रश्न तेवढे ऐकत गेलो. एका प्रश्नाला आजोबा हसून गप्प बसले होते. तिथे ओळी जुळल्या.

"चेहरा बारीक झालाय हो," मॅडम म्हणाल्या, आणि बरोबर होतं. फाइल ७२० बाय ५७६, पण पिक्सेल चौरस नव्हेत. रुंदी ७६८ केल्यावर गाल जागेवर आले.

मॅडमना फोटो पानभर हवा होता. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ७६८ पिक्सेल म्हणजे जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. बरीच हुज्जत झाली. शेवटी दोन स्तंभांच्या मधे लहान चौकटीत फोटो बसला आणि मजकूर त्याच्या भोवतीने वळवला.

२००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं, डेस्कटॉपची जुळणीच बदलली आणि हा प्रकार हळूहळू दिसेनासा झाला. आता काळा फोटो घेऊन कोणी आलं, की मी आधी विचारतो, व्हिडिओ स्वतःच्या फाइलमधला की स्ट्रीमिंगचा? फाइल असेल तर प्लेअरच्याच स्नॅपशॉटने किंवा एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमने फ्रेम काढून देतो. संरक्षित स्ट्रीमिंग असेल तर तो काळेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. तिथे सेटिंगशी झटापट करत बसत नाही, हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून फोटो मागवा म्हणून सांगतो.