हळदीच्या आधी ब्लाँड

दुपारच्या वेळी डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून कुणी आलं आणि सोबतची आई तणतणत असली, की काय झालंय ते विचारावं लागत नाही. घरी ब्लीच. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या सलूनला हे नवीन नाही. पण परवाची मुलगी डोक्यातून जाईना.

ओढणी सोडली तर मुळाशी दोन बोटं पिवळंधमक, मधे नारिंगी आणि खांद्याखाली मळकट काळं, उजेडात धरलं की हिरवट. कानामागं खपल्या. चार दिवसांवर मावसबहिणीची हळद, आणि हिला ब्लाँड व्हायचं होतं.

"डेव्हलपर कुठला?"

"फोर्टी. दुकानदार म्हणाला, आपल्या केसांना हाच लागतो."

डेव्हलपर म्हणजे ब्लीच पावडरीत कालवायचं पेरॉक्साइड, आणि फोर्टी म्हणजे ते १२ टक्के. टाळूजवळ मी ६ टक्क्यांच्या वर जात नाही. बाटलीवर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' असं मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं, पण घाऊक दुकानात पैसे देणारा प्रत्येक जण व्यावसायिकच. वर तिनं स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पिशवी बांधून ड्रायर फिरवला होता.

आमच्या १ ते १० च्या मापात (१ काळेभोर, १० फिकट सोनेरी) आपले केस असतात २ किंवा ३. तिथून उजळताना ते आधी तांबडे, मग नारिंगी आणि शेवटी पिवळे होतात. नारिंगी हा अर्ध्या वाटेवरचा थांबा आहे, पण घरी तो दिसला की माणूस घाबरतो. ही घाबरून जांभळा शाम्पू चोळत बसली. जांभळा मारतो पिवळ्याला, नारिंगीला निळा लागतो. आणि मुळं आधी उजळली, कारण डोक्याच्या उष्णतेनं तिथं ब्लीच भराभर चढतं. म्हणून आम्ही दोन बोटं सोडून सुरुवात करतो आणि मुळं शेवटी घेतो. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही. रीलमधल्या बाईचे केस मुळातच तपकिरी असतात, ते वेगळंच.

एक मात्र कबूल करायला हवं, हात चांगला होता पोरीचा. चार भाग नीट पाडलेले, मागच्या बाजूलाही कुठं डाग सुटलेला नाही. आमच्याकडं दोन वर्षं शिकणाऱ्या मुलांना मागची बाजू अशी जमत नाही.

खालचा हिरवट भाग मला खटकत होता. आधी कलर केलाय का, तर दोघी एका सुरात म्हणाल्या, कधीच नाही. तरी मी आतली चार केसं कापली, वाटीत ब्लीच पावडर आणि ट्वेंटी, म्हणजे ६ टक्क्यांचं डेव्हलपर, कालवलं आणि केसं त्यात बुडवून फॉइलमध्ये गुंडाळली. थोड्याच वेळात फॉइल हाताला गरम लागायला लागली. उघडली तर आत बुडबुडे.

"काकू, मेहंदी?"

"ती तर दर महिन्याला लावतोय की. काळी. हिची आजीच लावते."

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. हिचे कमरेपर्यंत, म्हणजे टोकाला चार-पाच वर्षांपूर्वीची मेहंदी. काही काळ्या मेहंद्यांत धातूंचे क्षार असतात, पेरॉक्साइड लागलं की ते तापतात आणि केस जागच्या जागी तुटू शकतो. मधली एक बट ओली करून ताणली, तर भिजलेल्या शेवईसारखी लांबत गेली, परत आलीच नाही.

मी नाही म्हटलं. सर केबिनमधून बाहेर आले, बाजूला घेऊन म्हणाले, "एक राउंड हलका मार, टोनर लाव, पाठव. नाहीतर पुढच्या गल्लीत जाईल." टोनर म्हणजे उजळलेल्या केसांचा पिवळेपणा मारणारा हलका रंग. सरांचं गणित चुकीचं नाही, पुढच्या गल्लीत खरंच करून देतात. पण खपल्यांवर ब्लीच मी लावत नाही, गल्ली कुठलीही असो.

मग उलटा प्रवास. खालचा हात-दीड हात कापला. पिवळ्यावर सरळ ब्राऊन लावला तर तो चिखलासारखा हिरवा बसतो, म्हणून आधी तांबूस सोनेरी फिलर, म्हणजे उडालेला रंग भरून काढणारा थर, भरला आणि त्यावर ब्राऊन. दोन्ही बिनअमोनिया, बिनपेरॉक्साइडचे, खपल्यांची जागा सोडून. रंग इतका एकसारखा बसला की सरसुद्धा थबकले. पोरगी आरशात बघून रडली. बरोबरच आहे, एवढं सोसून, पैसे घालून ती जवळपास होती तिथंच आली होती, वर केस गेले ते गेलेच.

"मग ब्लाँड कधी?"

"ही मेहंदी पूर्ण कापली गेल्यावर. दोन वर्षं धर."

"तोवर माझी नोकरी लागेल, तिथं चालणारच नाही!"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

काल काकू मेहंदीची पुडी घेऊन आल्या, लावू का नको विचारायला. मागं 'शंभर टक्के हर्बल' आणि खाली 'अर्ध्या तासात गडद काळे'. नुसती मेहंदी केस तांबूस करते, काळे नाही. घटकांच्या यादीच्या जागी पानाफुलांचं चित्र होतं. लावू नका म्हटलं. काकू म्हणाल्या, "ते मी नाही सांगणार आजीला, तूच फोन कर." नंबर देऊन गेल्यात.