दोन तास, एक उतारा, एक निबंध

बर्कली, डेव्हिस, सॅन दिएगो, यापैकी कुठल्याही कॅम्पसला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, पदवीला प्रवेश घेतला की ‘एंट्री लेव्हल रायटिंग रिक्वायरमेंट’ नावाची अट पूर्ण करावी लागते, तीही पहिल्या वर्षातच. एपी इंग्लिशमध्ये (अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठीची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) ३ किंवा त्याहून जास्त स्कोअर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर लेखन परीक्षा द्यायची, नाहीतर लेखनाचा कोर्स घ्यायचा. या परीक्षेचा बरीच वर्षं चाललेला साचा ‘अ‍ॅनालिटिकल रायटिंग प्लेसमेंट एक्झाम’चा. अलीकडे कॅम्पस आपापल्या पद्धतीने प्लेसमेंट करतात, म्हणजे कोणाला लेखनाच्या कुठल्या कोर्सला बसवायचं ते ठरवतात, तेव्हा वेळ आणि नियम आपल्या कॅम्पसचेच बघा. तयारी मात्र याच साच्यावर करावी, कारण कस इथेच लागतो.

साचा असा: साधारण ७०० ते १००० शब्दांचा एक वैचारिक उतारा, त्यावर एक प्रश्न आणि हातात १२० मिनिटं. प्रश्नाचे पोटात दोन भाग असतात. लेखकाचं म्हणणं काय आहे, आणि त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? दोन परीक्षक स्वतंत्रपणे वाचून प्रत्येकी १ ते ६ गुण द्यायचे. बेरीज ८ झाली की पास व्हायचं. म्हणजे दोघांकडून ४-४ मिळाले तरी पुरायचे. चारचा निबंध देखणा नसतो. त्यात उतारा नीट समजलेला असतो, मुद्द्यांना कारणं आणि उदाहरणं असतात, आणि थोड्याफार चुका असल्या तरी भाषा ताब्यात असते.

दहावी-बारावी महाराष्ट्रात करून गेलेल्यांची गोची इथे होते. आपल्याकडे निबंध म्हणजे विषय मिळाला की सुविचाराने सुरुवात, मग फायदे, तोटे, शेवटी समारोप. इथे विषय मिळालेला नसतो, एका माणसाचं म्हणणं मिळालेलं असतं. उतारा स्पर्धेवर आहे म्हणून ‘स्पर्धा : शाप की वरदान’ लिहिलं, तर इंग्रजी कितीही सफाईदार असो, गुण ३ च्या खालीच राहण्याची भीती. निम्मी परीक्षा वाचनाची आहे, हे मनात पक्कं असू द्या.

म्हणून पहिली २० मिनिटं पेन फक्त अधोरेखित करायला. उतारा दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी तीन-चार शब्द लिहा, आणि ‘पण’, ‘तरीही’ असे शब्द जिथे येतात तिथे थांबा. लेखक तिथेच वळतो आणि त्याचा खरा दावा बहुधा त्या वळणानंतर असतो. आधीचं वाक्य तो खोडायला घेत असतो. घाईत वाचणारे तेच त्याचं मत समजतात, आणि पुढचा सगळा निबंध चुकीच्या पायावर उभा राहतो.

पुढची १५ मिनिटं आराखड्याची. समजा, लेखिका म्हणते की वर्गात क्रमांक लावल्याने मुलं शिकणं सोडून एकमेकांवर नजर ठेवू लागतात. ‘मी लेखिकेशी सहमत आहे’ या वाक्यातून निबंध पुढे सरकत नाही. ‘क्रमांकामुळे मुलं एकमेकांकडे बघतात हे खरं, पण क्रमांक काढून टाकले तरी ती गुण विचारतातच, अडचण तुलनेची नाही, तुलनेनंतर घरी काय होतं याची आहे,’ हे वाक्य मात्र तीन परिच्छेद सहज देतं: लेखिकेचं कुठे बरोबर, कुठे अपुरं, आणि घरी नेमकं काय होतं. उदाहरणही एकच घ्या, पण पूर्ण सांगा. निकालाच्या दिवशीचा एक प्रसंग दहा ओळींत उतरवला तर तो ‘आजच्या युगात’ने सुरू होणाऱ्या चार विधानांवर भारी पडतो. स्वतःचा अनुभव चालतो, प्रश्नातच तशी मुभा असते.

लिहायला ७० मिनिटं. लेखिकेचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायला एक परिच्छेद पुरे. सारांशच दोन पानं चालला तर तुमचं मत यायच्या आत वेळ संपतो. उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हं हवीतच.

उरलेली १५ मिनिटं तपासणीची, आणि ती सोडू नका. मराठी वळणाच्या चुका ठरलेल्या असतात. मराठीत उपपदं नसल्याने ‘द’ आणि ‘अ’ गळतात. ‘मला समजतंय’ची सवय ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ होऊन उतरते. ‘तो आला, बसला, बोलायला लागला’ या ओघात इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली जातात, तिथे पूर्णविराम लागतो. या तीन चुका एकाच फेरीत शोधायला गेलं तर निसटतात. प्रत्येकीसाठी वेगळी फेरी मारा. उपपदांची फेरी शेवटच्या वाक्यापासून वर, एकेक वाक्य उलट्या क्रमाने करा. तसं केलं की अर्थाच्या ओघात नजर पुढे पळत नाही आणि गळलेला ‘द’ लगेच दिसतो.