बादलीतला गाळ

आंध्र प्रदेशात, राजमहेंद्रीजवळ गौरीपट्टणमच्या खाणींत बेसाल्टचे दोन थर दिसतात आणि त्यांच्या मधे चुनखडक. खालचा बेसाल्ट रासायनिकदृष्ट्या आंबेनळी घाटातल्या बेसाल्टशी जुळतो, वरचा महाबळेश्वरच्या. सह्याद्रीतला लाव्हा साडेआठशे किलोमीटरहून लांब, थेट तिथवर वाहत गेला असं मानतात. मी वाईची. त्या खाणीत उभी राहिले तेव्हा परमुलखात माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

मधल्या थरांचं वय काढायचं माझ्याकडे होतं. कठीण चुनखडकाचे पातळ काप करायला दिले. भुसभुशीत मार्ल, म्हणजे चुनामिश्रित चिकणमाती, रात्रभर भिजवून 150 मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला. वय सांगू शकणारी फोरॅम, म्हणजे समुद्रातल्या कवचधारी एकपेशी जिवांची सूक्ष्म कवचं, शोधत तीन दिवस मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले. कालवांच्या शिंपल्यांचा चुरा सोडला तर काही नाही.

मॅडमनी एकच विचारलं, "कुठल्या चाळणीवर धुतलंस?" मी सांगितलं. "अगं, डायनोसॉर गेले तेव्हा समुद्रात तरंगणारी बहुतेक फोरॅमही गेली. नंतर जी आली ती अगदी बारकी. ती तुझ्या चाळणीतून केव्हाच खाली गेली. खालचं पाणी आहे ना?"

गाळाने बेसिन तुंबतं म्हणून शेवटच्या नमुन्याचं पाणी बादलीत ठेवलं होतं. ते 63 आणि 38 मायक्रॉनच्या चाळण्यांवर घेतलं, ओव्हनमध्ये सुकवलं. चिमूटभर राखाडी पूड उरली. ती काळ्या ट्रेवर भुरभुरली आणि दुपारी ते दिसलं: पाच-सहा फुगीर कप्पे फुलासारखे वळलेले, शेवटच्या कप्प्याला उंच, अरुंद कमानीचं तोंड. पार्व्हुलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना! इटलीतल्या गुब्बिओ गावावरून पडलेलं नाव. श्वास रोखून, ओल्या ट्रिपल झीरो ब्रशच्या टोकावर मी ते उचललं.

हा जीव 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर आला आणि काही लाख वर्षांतच संपला. म्हणून तर तो घड्याळासारखा वापरता येतो. जुन्या थरातून धुऊन आलेली कवचं नव्या गाळात मिसळू शकतात, पण जो जीव अजून जन्मालाच आलेला नाही त्याचं कवच सापडणार कसं? म्हणजे हा गाळ महाविनाशानंतरचा, आणि त्याच्यावर पसरलेला महाबळेश्वरचा लाव्हा त्याहून नंतरचा. भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी इथल्याच खाणींतून हे 2008 साली मांडलं होतं. मी ते वाचलेलं होतं, तरी स्वतःच्या ब्रशवर पाहणं वेगळंच. संध्याकाळपर्यंत अकरा मिळाली.

आधीच्या दोन नमुन्यांचं पाणी मात्र मी ओतून टाकलं होतं. ते थर पुन्हा आणायला गेले तेव्हा खाणीची भिंत बरीच मागे सरकली होती. मी खडूने केलेल्या खुणा त्या दगडांबरोबरच गेल्या होत्या.