रोल्स-रॉइस 20/25 घेऊन पसरणी घाट: क्राउन-पिनियनला हात लावू नका

रात्रीचे अकरा वाजलेत, क्लच दाबून डावा पाय अजून थरथरतोय. तरी आजच लिहून टाकतो. उद्या राग उतरला तर हे सौम्य होईल, आणि ते व्हायला नको.

गाडी मित्राची, 1934 ची रोल्स-रॉइस 20/25. सहा सिलिंडर, 3669 सीसी. मागचा क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, मुळात 4.55 चा: टॉपमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे 4.55 फेरे. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, 3.73 चा जोड घाला, हायवेला इंजिन शांत चालेल. शांत चाललं, हे खरं. ताशी 80 किमीला इंजिनचे मिनिटाला सुमारे 2500 फेरे होते, ते 2000 च्या आसपास आले. पुणे सोडताना आम्ही दोघंही खूश होतो. खंबाटकीला गाडी जड वाटली, तिकडे मी दुर्लक्ष केलं. सुरूर फाट्याला वळून वाई, आणि मग पसरणी.

क्राउन-पिनियन बदलला की फक्त टॉप नाही, सगळेच गिअर उंच होतात, म्हणजे त्याच फेऱ्यांना वेग जास्त पण ओढ कमी. आमची ओढ 18 टक्क्यांनी घटली. वळणावर समोरून एसटी आली, वेग पडला, दुसऱ्यात इंजिन दमलं. पहिला टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबून मध्ये न्यूट्रलला फेरे जुळवायचे. 1932 पासून या गाडीला सिंक्रोमेश (गिअर टाकताना फेरे आपोआप जुळवणारी सोय) आहे, पण तिसऱ्या आणि चौथ्यालाच. न्यूट्रल करून फेरे वाढवेपर्यंत चढावर गाडी थांबलेली असते. मग हँडब्रेक, आणि उंच पहिल्यावर क्लच घासत उठायचं. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी क्लचचा जळका वास केबिनमध्ये भरला होता. गिअरचा दांडा उजवीकडे, दाराजवळ. खांदा वेगळाच भरून आलाय.

आता हिशेब बघा. 4.55 ला 0.82 ने गुणलं की 3.73 येतात. म्हणजे 0.82 चा ओव्हरड्राइव्ह (हवा तेव्हा चालू-बंद करता येणारा, फेरे कमी करणारा जादा गिअर) लावला असता तर हायवेला हेच फेरे मिळाले असते, आणि घाटात एक बटण दाबून मूळ गिअर परत. माझं मत ठाम आहे: सह्याद्री चढायचा असेल तर ओव्हरड्राइव्हच. पण तो चालू ठेवून रिव्हर्स घेतला तर आतला एकदिशा क्लच तुटतो. रिव्हर्सला तो आपोआप बंद होईल असा स्विच आधी बसवून घ्या.

दुसरी फसवणूक थरथरीची. ठराविक वेगाला इंजिन गुरगुरायचं. गॅरेजवाल्यांनी आधी इंजिन ज्यावर टेकतं ते माउंट बदलायला लावले, मग पूर्ण इंजिन उघडायचं म्हणाले, आकडा लाखांत. दोष निघाला क्रँकच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) पुढच्या टोकावरच्या, घर्षणाने थरथर जिरवणाऱ्या डँपरमध्ये. जुनं तेल वाळून चकत्या चिकटल्या होत्या, त्यामुळे क्रँकचा पीळ जिरत नव्हता. साफ करून, नव्या चकत्या घालून स्प्रिंगचा ताण बसवला आणि गुरगुर गेली. इंजिन उघडा म्हणणाऱ्याला आधी विचारा, डँपर पाहिलास का? उत्तर आलं नाही तर गाडी घेऊन निघा.



उतरताना उंच रेशोमुळे इंजिन गाडीला धरत नाही, म्हणून पाचगणीहून निघतानाच दुसरा टाका आणि वाईपर्यंत काढू नका. चढताना इंजिन खडखडलं तर स्टिअरिंगवरचा इग्निशनचा दांडा ठिणगी थोडी उशिरा पडेल असा सरकवा. आणि वाई पहाटे सहाच्या आत सोडा. रस्ता मोकळा असेल तर वळणावर थांबावं लागत नाही.