टीबी की क्रोन्स? निदान होईपर्यंत आणि त्यानंतर

पोटात उजवीकडे खाली दुखायचं, जेवल्यावर जास्तच. जुलाब, संध्याकाळची कणकण, आणि वजन उतरत चाललेलं. घरच्यांच्या मते ती उष्णता होती. सोलापुरातल्या आमच्या डॉक्टरांनी जंताचं औषध देऊन पाहिलं. मग हिमोग्लोबिन घसरलेलं आणि सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेला दिसला, तेव्हा त्यांनीच पुण्याला पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं.

कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं तिथे, व्रण सापडले. ते क्रोन्सचे, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणाऱ्या दीर्घ आजाराचे, असू शकत होते. खरी अडचण इथून पुढे होती. आतड्याचा टीबीही बहुतेकदा हाच भाग धरतो. ताप, वजन घटणं, व्रण, आतडं अरुंद होणं, हे दोन्हींत होतं. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींच्या बारीक गाठीही दोन्हींत दिसू शकतात. त्यांच्या मधोमध केसिएशन, म्हणजे मेलेल्या पेशींचा पुंजका, असेल तर कौल टीबीकडे जातो. पण घेतलेल्या तुकड्यात तो येईलच असं नसतं, माझ्या तुकड्यात आला नाही. जीनएक्स्पर्ट ही टीबीचे जंतू शोधणारी तपासणी निगेटिव्ह आली, तरी तेवढ्यावरून आतड्याचा टीबी नाही असं म्हणता येत नाही.

डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून समजावलं. क्रोन्समध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते, तिला आवरायला स्टेरॉइड लागतं. पण मुळात टीबी असेल तर स्टेरॉइडने तो भडकेल. म्हणून आधी एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स. त्यातल्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. मळमळ मात्र फार झाली. ताप थोडा कमी झाला, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मला टीबीच निघावा असं वाटत होतं, कारण त्याचा कोर्स संपतो.

पुन्हा कोलोनोस्कोपी केली, तर व्रण जसेच्या तसे. टीबीचे व्रण एकेटीने भरायला लागतात, ते भरले नव्हते. निदान बदललं, क्रोन्स ठरलं. बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधून १९३२ साली या आजारावर निबंध लिहिला. आपल्याकडे, जिथे टीबी घरोघरी माहीत आहे, तिथे या दोन आजारांची फारकत करणं आजही सोपं नाही. म्हणून एकेटी चालू असूनही त्रास हटत नसेल, तर पुढच्या तपासणीचा आग्रह धरा. जुने रिपोर्ट, सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले तुकडे, सांभाळून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना तेच ब्लॉक पुन्हा तपासता आले.

स्टेरॉइडने भूक परतली. ते हळूहळू उतरवत अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी सुरू झाली. त्याआधी एनयूडीटी१५ ही जनुकाची तपासणी केली. त्यात दोष असला तर या गोळीने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर उतरू शकतात, आणि आपल्या लोकांत तो दोष विरळा नाही. तरीही सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि लिव्हरची तपासणी नियमित करावीच लागते. लहान आतड्याच्या शेवटच्या त्याच भागात बी१२ जीवनसत्त्व शोषलं जातं, म्हणून त्याची इंजेक्शनं घेते.

आतडं थोडं अरुंद असल्यामुळे भाजलेलं कणीस, कच्ची काकडी आणि अख्खे शेंगदाणे बंद आहेत. सोलापूरकराला शेंगाचटणी सोडणं जड जातं. बारीक कुटलेली, चिमूटभर, तीही पोट शांत असेल तेव्हाच, एवढी मुभा डॉक्टरांनी दिली आहे. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसनेच जाते, कारण गाडीत स्वच्छतागृह असतं. ऑफिसात साहेबांना आजाराचं नाव सांगून दाराजवळची जागा मागून घेतली. बायकांना हे बोलायला संकोच वाटतो, मला कळतं, पण बोलल्याशिवाय सोय होत नाही.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या थांबवत नाही. लक्षणं नसतानाही आत सूज असू शकते, ती शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीत कळते. मागच्या वेळी तो आकडा चढलेला होता. आता अडालिमुमॅब या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या इंजेक्शनचा विचार चालू आहे. त्यानेही दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी पुन्हा करायची आहे.