गंधार अखेर जागेवर आला

माझ्या रेकॉर्ड प्लेयरवर एका एलपीतला सूर डोलतो, हे जे रडगाणे मी मागील नोंदीत गायले होते, त्याचे मूळ या रविवारी सापडले. इतवारीतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या गीतरामायणाच्या पहिल्या एलपीवर ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ निर्वेध वाजत असे. मात्र त्याच बाजूच्या अखेरच्या गाण्यात बाबूजींनी (सुधीर फडके यांनी) लांबवलेला प्रत्येक स्वर झोपाळ्यावर बसवल्यासारखा मागेपुढे होई. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या मूळ मालिकेत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक आवाज होते. एलपीवर मात्र एकट्या बाबूजींचाच आवाज आहे, आणि त्यांचा गंधार हलतो हे मान्य करण्यापेक्षा यंत्रावर संशय घेणे मला सोपे वाटले.

म्हणून आधी यंत्राची थाळी फिरवणारा पट्टा बदलला. ऑनलाइन मागवलेला पहिला पट्टा इतका सैल निघाला की तो केस बांधायलाच बरा. दुसरा नीट बसला, पण डोलणे कायम राहिले. मग वेग तपासायचा, तर एलईडीच्या उजेडात स्ट्रोबच्या रेघा (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्यात स्थिर भासणाऱ्या) दिसेनात, कारण माझा दिवा पुरेसा लुकलुकतच नाही. शेवटी वायरमनचा टेस्टर सॉकेटमध्ये खुपसून त्याच्या इवल्याशा निऑनच्या प्रकाशात पाहिले आणि १८० रेघांचे वर्तुळ जागच्या जागी स्थिर उभे राहिले. त्या पाच रुपयांच्या उजेडाने झालेला आनंद सुई धरणाऱ्या महागड्या कार्ट्रिजनेही दिला नव्हता.

वेग अचूक असूनही सूर हलत असेल, तर दोष एलपीच्या तबकडीतच असणार. घड्याळ लावून मोजले, तेव्हा दर १.८ सेकंदांनी, म्हणजे बरोबर एका फेऱ्याला, एक हेलकावा येत होता. नागपूरच्या मे महिन्यात एलपी पापडासारख्या वाकतात, त्यामुळे पहिला संशय वाकल्याचा आला. पण तसे असते तर टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, वरखाली झाला असता, इथे तो आडवा झुलत होता. शेजारी पट्टी धरून पाहिले, तर एकूण झोका १ मिलिमीटरचा भरला, याचा अर्थ मधले छिद्र खाचांच्या केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलेले होते. कडेला, जिथे त्रिज्या सुमारे १४६ मिलिमीटर असते, तिथे या चुकीने सूर जेमतेम १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलतो. आत ६० मिलिमीटरवर तोच २९ सेंटांपर्यंत जातो. प्रमाण श्रुती, म्हणजे आपल्या संगीतातले स्वरांचे एक सूक्ष्म अंतर, सुमारे २२ सेंटांची, तेव्हा अखेरचे गाणेच का बिघडत होते ते कळले.

गोल कानस घेऊन छिद्र किंचित मोठे केले (हे वाचून काही जण माझ्याशी बोलणे बंद करतील), तबकडी बोटाने ढकलत टोनआर्मचा झोका थांबेपर्यंत सरकवली, आणि तिसऱ्या प्रयत्नात गंधार असा काही स्थिरावला की मी ती ओळ चार वेळा ऐकली.

आनंद बाजू उलटेपर्यंतच टिकला. दोन्ही बाजूंचे साचे वेगवेगळे बसवलेले असतात हे मी विसरलो होतो. दुसरी बाजू मुळात सरळ होती, आणि आता छिद्र सैल झाल्यामुळे तीही दर वेळी हाताने जुळवावी लागते. संचातल्या उरलेल्या तबकड्यांसाठी कानस काढायची नाही, असे त्याच क्षणी ठरवले.

हे लिहितानाच एक निराळा मार्ग सुचला आहे. जाड रबरी मॅट एकावर एक रचून तबकडी स्पिंडलच्या (मधल्या खुंटीच्या) टोकाच्याही वर उचलायची आणि टोनआर्मची उंची तेवढीच वाढवायची, म्हणजे छिद्राचा प्रश्नच उरत नाही. शेलॅकच्या ७८ला (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकडीला) तर दुसरा पर्यायच नाही, कारण तिला कानस लावली तर हाती तुकडेच येतील. त्यामुळे गीतरामायण तूर्त बाजूला ठेवून मेहकरच्या कवी ना. घ. देशपांडे यांची, जी. एन. जोशी यांनी गायलेली ‘शीळ’ ही ७८ आधी घेईन. तिच्या रुंद खाचांसाठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई मागवली आहे. ७८च्या वेगाला मोकळी तबकडी रबरावरून घसरते का, ते सुई आल्यावर कळेल.